परतीचा पाइप

शेवट आधीच सांगतो. मंगळवारी सकाळी ९ वाजता डाव्या हाताची तर्जनी मुळापासून काढावी लागली. त्याआधीच्या शनिवारी, दुपारी १२ ला ८ मिनिटं कमी असताना, त्या बोटावर टाचणीच्या टोकाएवढा लाल ठिपका उमटला होता. रक्त आलं नव्हतं.

यातला माणूस कुणी एक नाही, आणि वेळा व तपशीलही एका अपघाताचे नाहीत. घरी जुळवलेल्या हायड्रॉलिक यंत्रावर अशी इजा ज्या क्रमाने होते, तो क्रम कासारसाईतल्या एका कल्पित फॅब्रिकेशन शेडमध्ये मांडला आहे. दाबाची, तेलाची आणि बलाची आकडेमोड मात्र खरी आहे. कागद-पेन्सिल घेऊन कोणीही ती पडताळून पाहावी.

तीन आठवडे आधी, रविवार, संध्याकाळी ६:३०

डिसेंबर. कासारसाई धरणाच्या काठावर तंबू लागलेले. हिंजवडीच्या कंपन्यांतली पोरं शनिवार-रविवार इथं मुक्कामाला येतात आणि त्यांना शेकोटी लागते. शेकोटीला फोडलेलं लाकूड लागतं. कुऱ्हाड चालवणारी माणसं या दिवसांत मिळत नाहीत, कारण कासारसाई-दारुंब्रेच्या संत तुकाराम कारखान्याचा हंगाम सुरू असतो आणि मजूर ऊसतोडीत गुंतलेले असतात.

शेडच्या मालकाने पत्र्यावर खडूने एक चित्र काढलं. जाड गर्डर, त्याच्या एका टोकाला पाचर, दुसऱ्या टोकाला जॅक. भाचा शेजारी उभा होता. गर्डर आणि वेल्डिंग ही कामं मामाच्या हातातली होती. तेलाची बाजू त्याने यापूर्वी कधी जुळवली नव्हती.

१९ दिवस आधी, सकाळी ११:००

कुदळवाडीच्या भंगारात जुन्या जेसीबीचा सिलिंडर मिळाला. आतला व्यास १०० मिलिमीटर, दांडा ५० मिलिमीटर, धाव ६०० मिलिमीटर. दांड्यावर ओरखडे नव्हते. निवड चांगली होती.

१०० मिलिमीटरच्या पिस्टनचं क्षेत्रफळ ७८.५ चौरस सेंटिमीटर भरतं. त्यावर १६० बार दाब दिला की साडेबारा टनांहून अधिक जोर मिळतो. वाळलेल्या बाभळीलाही तेवढा पुरतो. हे गणित त्याने केलं आणि ते बरोबर आलं.

दुसऱ्या बाजूचं गणित राहिलं. पिस्टनच्या पुढच्या अंगाला दांडा असल्याने तिथं तेलाला जागा कमी, फक्त ५८.९ चौरस सेंटिमीटर. दोन्ही आकड्यांचा भागाकार १.३३ येतो. या सगळ्या हकिकतीत एवढा एकच आकडा नीट लक्षात ठेवला तरी चालेल.

१८ दिवस आधी, दुपारी १:१५

भोसरी. गिअर पंप घेतला, फेऱ्यामागे १६ सी.सी. तेल ढकलणारा. १४४० फेऱ्यांच्या मोटरवर तो मिनिटाला २३ लिटर देतो. सिलिंडर पूर्ण बाहेर यायला ४.७ लिटर लागतात, म्हणजे १२ सेकंद. मोटर १० अश्वशक्तीची. १६० बारला ती पुरते, पण फारसं शिल्लक राहत नाही. टाकी ४० लिटरची, तेल ६८ नंबरचं. हँड लिव्हर व्हॉल्व्ह आणि त्यातच बसवलेला रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे दाब ठरलेल्या आकड्यावर गेला की पंपाचं तेल टाकीत परत सोडणारा. दुकानदाराने तो टेस्ट बेंचवर १६० ला लावून दिला.

इथपर्यंत एकही वस्तू चुकीची नाही.

त्याच दुकानात, दुपारी १:४०

"शेठ, गेज देऊ का? २५० किलोचं."

"राहू द्या. तुम्ही सेट करून दिलंय ना?"

काउंटरवर ठेवलेलं गेज परत कपाटात गेलं.

दुपारी १:५०

होज पाइपचे दोन प्रकार काउंटरवर आले. अर्ध्या इंचाचा सिंगल वायर, कामाचा दाब १६० बार. अर्ध्या इंचाचा डबल वायर, कामाचा दाब २७५ बार. त्याने सिलिंडरच्या मागच्या बाजूसाठी, म्हणजे जिथून लाकूड फोडायचा जोर येतो तिथं, नवा डबल वायर घेतला. दांड्याच्या बाजूला त्याने घरचा पाइप लावायचं ठरवलं. भंगारातून सिलिंडरसोबतच आला होता, सिंगल वायर, वर छापलेली तारीख पुसलेली. एका टोकाला नवं फिटिंग क्रिम्प करून घेतलं.

कारण त्याने एका वाक्यात दिलं: "ती परतीची बाजू. तिथं कसलं प्रेशर येतंय?"

हे वाक्य मी अडाणीपणाचं मानत नाही. यंत्र नीट चालत असेल तोवर ते जवळजवळ खरं असतं. दांडा बाहेर येताना पुढच्या बाजूचं तेल टाकीकडे मोकळं जातं आणि त्याचा दाब नगण्य राहतो. मात्र वाट मोकळी असेल तरच.

१७ दिवस आधी

यंत्र शेडमध्ये ठेवून चालणार नव्हतं. ते पिकअपमध्ये घालून काठावर न्यायचं, तिथंच लाकूड फोडून द्यायचं, असा बेत होता. म्हणून टाकी-मोटर वेगळी आणि गर्डर-सिलिंडर वेगळा. मधल्या दोन्ही पाइपांना क्विक कपलर. ढकललं की बसतं, कॉलर ओढली की सुटतं. सुटल्यावर तेल सांडू नये म्हणून प्रत्येक अर्ध्या भागात स्प्रिंगवर दाबलेली झडप असते. दोन्ही अर्धे पूर्ण बसले की झडपा एकमेकींना मागे सारतात आणि वाट उघडते. अर्धवट बसले तर वाट अर्धवट उघडते. कधी एका दिशेने तेल जाऊ देते आणि दुसऱ्या दिशेने अडवते.

ट्रॅक्टरला ट्रॉलीचा जॅक जोडणाऱ्या प्रत्येकाने हे कधी ना कधी अनुभवलेलं असतं. ट्रॉली वर जाते आणि खाली येत नाही. तिथं त्याचा अर्थ लगेच कळतो.

८ दिवस आधी, शुक्रवार, संध्याकाळी ५:००

शेडमध्ये चाचणी. सुबाभळीचे सहा ओंडके, नंतर आंब्याचा एक जाड बुंधा. दांडा १२ सेकंदांत बाहेर, ९ सेकंदांत आत. बुंधा गाठीपाशी करकरला आणि दुभंगला. भाच्याने मोबाइलवर व्हिडिओ काढला.

परतीचा पाइप फिटिंगजवळच गर्डरच्या कडेवरून वळत होता. या मापाच्या पाइपाला १७८ मिलिमीटर त्रिज्येपेक्षा आवळून वाकवायचं नसतं. तो चार बोटांत वाकला होता. धक्क्यासरशी तो कडेला घासत होता. वरचं रबर खरवडलेलं दिसत होतं. व्हिडिओत तेही दिसतं.

शनिवार, सकाळी ८:४०

कपलर सोडून सामान पिकअपमध्ये चढवलं. कपलरच्या टोकांवर घालायची प्लास्टिकची टोपणं शेडमध्ये राहिली. वाटेत धूळ होती.

सकाळी १०:०५

काठावरचं फार्महाऊस. थ्री-फेज लाइन मिळाली. पाइप जोडायला भाचा वाकला. पहिला कपलर "खट" करून बसला. दुसऱ्यात वाळूचे कण होते. त्याने जोर लावला, कॉलर थोडी सरकली. आवाज आला नाही. ओढून पाहिलं तर निघत नव्हता, म्हणून बसला असं धरलं.

दुसरा कपलर परतीच्या पाइपाचा होता.

सकाळी १०:२०

मोटर सुरू. लिव्हर पुढे. दांडा हलला, पण रेंगाळत. समोर अजून ओंडका ठेवलेला नव्हता. मोकळ्या हवेत दांडा ६०० मिलिमीटर जायला ४० सेकंद लागले. आठ दिवसांपूर्वी १२ लागले होते.

"मामा, स्लो चाललाय."

"गारठ्यानं तेल घट्ट झालंय. तापू दे."

खुलासा पटण्यासारखा होता. ६८ नंबरचं तेल थंडीत घट्ट होतंच. लिव्हर मागे घेतल्यावर मात्र दांडा झपकन ९ सेकंदांत आत गेला. घट्ट तेल एका दिशेला घट्ट आणि दुसऱ्या दिशेला पातळ नसतं. यंत्राने त्या दिवशी दिलेला हा सर्वांत स्पष्ट इशारा होता, आणि तो इजेच्या ९२ मिनिटं आधी मिळाला होता.

सकाळी १०:३०

ऑस्ट्रेलियन बाभळीचा ओंडका ठेवला. दांडा टेकला आणि थांबला. मोटरचा आवाज खोल गेला. रिलीफ व्हॉल्व्ह शिट्टी वाजवू लागला.

आत काय चाललं होतं ते इथं सांगायला हवं. पंप सिलिंडरच्या मागच्या बाजूला १६० बार देत होता. पुढच्या बाजूच्या तेलाची वाट कपलरने आता पूर्ण बंद केली होती. पिस्टन पुढे ढकलला जात होता आणि त्याच्यासमोर कोंडलेलं तेल होतं. मागे ७८.५ चौरस सेंटिमीटर, पुढे ५८.९. तोच जोर कमी जागेवर आला की दाब वाढतो, १.३३ पट. म्हणजे कोंडलेल्या तेलाचा दाब २१३ बारच्या दिशेने जाणार. मागून येणारा सगळा जोर या कोंडलेल्या तेलाशी झुंजण्यातच संपत होता आणि लाकडापर्यंत जेमतेम काही पोहोचत होतं.

रिलीफ व्हॉल्व्ह पंपाच्या बाजूला होता. त्याला १६० दिसत होते. पलीकडचे २१३ त्याच्या नजरेच्या टप्प्यातच नव्हते. त्या बाजूचा पाइप १६० चा होता.

सकाळी १०:४५

टाकीला हात लावला तर चटका बसत होता. भाचा म्हणाला, "आता तापलंय मामा." दोघांनाही बरं वाटलं.

थांबून थांबून पंधरा मिनिटांत ४० लिटर तेल एवढं तापतं, कारण मोटरची जवळजवळ सगळी शक्ती रिलीफ व्हॉल्व्हमधून जाताना उष्णता होते. लाकूड फुटत नाही आणि टाकी तापते, याचा अर्थ काम दुसरीकडे कुठे तरी खर्च होतंय. तेल पातळ झालं, तरीही दांडा अडलेलाच होता.

सकाळी ११:१०

त्याने पाना घेतला. रिलीफ व्हॉल्व्हची टोपी काढली, चेकनट सैल केला आणि स्क्रू दीड फेरा आत घातला. गेज नव्हतं. असतं तर काटा २१० च्या आसपास थांबला असता. २१० गुणिले १.३३ म्हणजे २८० बार.

ओंडका कडक आहे, जोर कमी पडतोय, जोर वाढवू. समोर जे दिसत होतं त्यावरून हाच निष्कर्ष निघत होता. बाभळीत गाठ होती हेही खरं. म्हणूनच कोणी त्या ओंडक्याऐवजी पाइपाकडे पाहिलं नाही.

सकाळी ११:२५

ओव्हरलोड रिले पडली. मोटर बंद. २१० बारला तिच्यावर साडेनऊ किलोवॉटच्या आसपास भार येत होता. ती साडेसातची होती. त्याने रिलेची चकती वरच्या आकड्यावर फिरवली आणि हिरवं बटण दाबलं.

शेडमध्ये आणि काठावर मिळून मोटरने, टाकीने, दांड्याने आणि रबराने आपापल्या परीने सांगून झालं होतं.

सकाळी ११:४०

"मामा, तेल गळतंय."

गर्डरची कड ओली होती. थेंब कुठून येतो ते दिसत नव्हतं. उन्हात धुक्यासारखं काही तरी फिटिंगजवळ तरंगत होतं. पाइपाच्या तारेच्या जाळीत, जिथं तो घासत होता तिथं, एक भोक पडलं होतं. केसाएवढं.

सकाळी ११:४८

मोटर बंद करायची का? बंद केली तर गळती थांबेल आणि जागा सापडणार नाही. म्हणून चालू ठेवली. भाच्याच्या हातात लिव्हर, पुढे दाबून धरलेली. मामाने फडक्याने पाइप पुसला.

अशी जागा शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा लांबून फिरवतात. तेलाची धार पुठ्ठ्याला भोक पाडते आणि जागा कळते. पिकअपमध्ये कपलरचे रिकामे पुठ्ठ्याचे खोके पडलेले होते.

सकाळी ११:५२

डाव्या हातात सुती हातमोजा. पाइप मुठीत धरून बोटं फिटिंगकडे सरकवली. तर्जनीला चटकन काही तरी लागलं. त्याने हात झटकला.

२८० बारवर अशा भोकातून सुटणारं तेल, घर्षण सोडून दिलं तर, सेकंदाला २५० मीटर वेगाने निघतं. तासाला ९०० किलोमीटर. कातडी भेदायला साधारण ७ बार पुरतात. हातमोजा मोजदादीतही येत नाही.

दुपारी १२:००

मोटर बंद. हातमोजा काढला. तर्जनीच्या पहिल्या पेरावर लाल ठिपका. तो दाबला तर तेलाचा बारीक थेंब बाहेर आला. दुखत नव्हतं. त्याने हात साबणाने धुतला आणि भाच्याला नवा पाइप आणायला वाकडला पिटाळलं.

१९३७ साली चार्ल्स रीस या डॉक्टरने डिझेल इंजिनाच्या दाबाखाली तेल हातात शिरल्याची एक नोंद वैद्यकीय नियतकालिकात छापली. तेव्हापासून जगभर जमा झालेल्या नोंदी एकाच गोष्टीवर बोट ठेवतात: सुरुवातीला जखम क्षुल्लक दिसते, दुखतही नाही, आणि माणूस कामाला लागतो. सर्वाधिक वेळा दिसणारी जागाही ठरलेली. डाव्या हाताची तर्जनी.

दुपारी १:१५

बोट जड झालं. जेवताना भाकरी एका हाताने मोडली.

तेल ठिपक्यापाशी थांबलेलं नव्हतं. बोट वाकवणाऱ्या नसांभोवती, म्हणजे डॉक्टरी भाषेत स्नायुबंधांभोवती, एक आवरण असतं. शिरलेलं तेल त्या मार्गाने तळहाताकडे जातं. बंद जागेत तेल आलं की आतल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात. त्यावर तेलाच्या रसायनाने सूज येते आणि त्या आणखी दाबल्या जातात.

दुपारी ३:००

बोट तट्ट. बायकोने हळद लावली. "अहो, दाखवून या ना." त्याने संध्याकाळी जातो म्हणून सांगितलं.

संध्याकाळी ५:५२

सहा तास झाले.

२००६ साली हॉगन आणि रूलंड या दोघांनी अशा ४३५ रुग्णांच्या प्रकाशित नोंदी एकत्र तपासल्या. १०० पैकी ३० जणांचा अवयव कापावा लागला होता. रंग, थिनर, डिझेल, तेल अशा द्रवांच्या बाबतीत, सहा तासांच्या आत जखम उघडून स्वच्छ केली असेल तर हे प्रमाण घटलेलं दिसलं.

५:५२ ला तो शेडमध्ये होता. भाच्याने आणलेला डबल वायर पाइप फिटिंगला लागतो का, ते पाहत होता.

संध्याकाळी ७:४०

दवाखाना. डॉक्टरांनी विचारलं, कशाने लागलं? तो म्हणाला, "तार टोचली."

खोटं बोलायचा हेतू नव्हता. त्याला तसंच वाटत होतं, पाइपाची तुटकी तार. तार टोचल्यावर द्यायचं ते डॉक्टरांनी दिलं: धनुर्वाताचं इंजेक्शन, प्रतिजैविकाच्या गोळ्या, आणि सकाळी सूज वाढली तर या. "प्रेशरचं तेल" हे दोन शब्द त्या खोलीत उच्चारले गेले असते तर तो त्याच रात्री शस्त्रक्रियेच्या टेबलावर असता. पावणेआठ तास उलटले होते. उशीर झाला होता, तरी पुढच्या चौदा तासांची भर टळली असती. मला या सगळ्या हकिकतीत सर्वांत जास्त हळहळ याच मिनिटाची वाटते.

रविवार, पहाटे १:३०

ठणक्याने जाग आली. सूज तळहातावर आलेली.

पहाटे ५:५०

बोट पांढरं, थंड. टोकाला टोचलं तरी कळत नव्हतं.

सकाळी ६:३०

मोटारसायकलवर भाच्यामागे बसून निघाला. समोर कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या, दुहेरी, रस्ता अडवून. नेऱ्याच्या पुढे वाट मोकळी झाली.

सकाळी ७:४०

वाकडचं एक मोठं रुग्णालय. तिथल्या डॉक्टरने ठिपका पाहिला, बोट पाहिलं आणि विचारलं, "मशीनचं तेल होतं का? प्रेशर किती होतं?"

"एकशेसाठ," तो म्हणाला. त्याला तेवढंच माहीत होतं.

सकाळी ९:४०

शस्त्रक्रिया. बोटापासून तळहाताच्या मधोमधपर्यंत छेद. आत तेल आणि काळवंडलेला भाग. जमेल तेवढं काढलं, धुतलं, जखम उघडी ठेवली. इजा होऊन २१ तास ४८ मिनिटं झाली होती.

सोमवार, सकाळी ११:००

पुन्हा धुतलं. तळहाताला रंग आला होता. बोटाला नव्हता.

मंगळवार, सकाळी ९:००

तर्जनी मुळापासून काढली. तळहात वाचला.

बुधवार, दुपारी ४:००

फार्महाऊसच्या मालकाचा फोन आला, लाकूड राहिलंय. भाच्याने नवा डबल वायर पाइप बसवला. कपलरची दोन्ही टोकं डिझेलने धुतली, वाळू निघाली. ढकलल्यावर "खट" आवाज आला. मोटर सुरू केली. दांडा १२ सेकंदांत बाहेर आला आणि शनिवारचा तोच बाभळीचा ओंडका गाठीतून फुटला.

रिलीफ व्हॉल्व्हचा स्क्रू शनिवारी जिथं होता तिथंच आहे. रिलेची चकतीही. गेजसाठी अजून जागा केलेली नाही.